विसाच्या आतला पट: छोट्या गावातल्या शाळेची संख्या वाचायची कशी?

माळरान

सप्टेंबर संपत आला की गावोगावी एकच विचारणा, "आपल्या शाळेचा पट किती?" उत्तर विसाच्या आत आलं की लगेच पुढची, "मग शाळा बंद पडणार का?" जिल्हा परिषदेच्या शाळांचं कामकाज आतून माहीत असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा. राजकारणासाठी दुसरे धागे आहेत. इथे आकडे कसे काढायचे, कुठे फसतात आणि पुढच्या चार-पाच वर्षांचा अंदाज कसा बांधायचा एवढंच बोलूया.

एक नमुना घेऊ. समजा पहिली ते चौथीची शाळा आहे. पहिलीत ३, दुसरीत ६, तिसरीत ४, चौथीत ८, एकूण २१. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत "एकवीस आहेत, वाचलो" म्हणून चहा होतो. पण जूनमध्ये चौथीची ८ बाहेर पडणार आणि अंगणवाडीतून ४ येणार असतील, तर पट १७. म्हणजे हे संकट चौथीच्या वर्गात वर्षभर बसलेलंच होतं, फक्त एकूण बेरजेत दिसत नव्हतं. तेव्हा बेरीज बाजूला ठेवून वरून किती जाणार आणि खालून किती येणार ते आधी बघायला हवं. खालून किती येणार हे नेमकं कसं काढतात, ते जाणकारांनी सांगावं.

खडूफळा

माळरान, सुरुवात बरोबर जागेवरून केलीत. तीन आकडे वेगळे ठेवा. गावात दाखलपात्र मुलं किती, त्यातली आपल्या शाळेत दाखल किती, आणि दाखल झालेल्यांतली रोज वर्गात किती. बहुतेक वाद हे तीन एकमेकांत कालवल्याने होतात.

दाखलपात्र काढणं आपल्या राज्यात सोपं आहे, कारण पहिलीसाठी वयाची अट ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण अशी आहे. त्यामुळे कॅलेंडरचं एक वर्ष म्हणजे एक तुकडी. २०१९ मध्ये जन्मलेली मुलं जून २०२५ च्या पहिलीची, २०२० ची जून २०२६ ची. अंगणवाडीचं रजिस्टर उघडून जन्मवर्षाप्रमाणे नावं मोजली की पुढच्या तीन-चार पहिल्या हातात येतात.

ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवरून मात्र हे करू नका. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात किंवा सुनेच्या माहेरी झालं, तर मूल आपल्या गावचं आणि नोंद दुसरीकडे. उलट गावातल्या लेकी माहेरी बाळंत होतात, त्यांची मुलं आपल्या वहीत दिसतात आणि पहिलीला कधीच येत नाहीत. उपकेंद्र असलेल्या गावात तर वही आणि वस्ती यांचा काही मेळच बसत नाही.

अंगणवाडीच्या यादीतही दोन गाळण्या लावा. एक, आजीकडे तात्पुरतं राहिलेलं मूल. दोन, लाभार्थी म्हणून नाव आहे पण तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेच्या नर्सरीत जातंय असं मूल. सेविकाताईंना कुठलं नाव कागदावरचं आणि कुठलं रोजचं हे तोंडपाठ असतं. अर्धा तास त्यांच्यासोबत बसलात की घरोघर फिरण्याचं निम्मं काम वाचतं.

सांख्यिक

यात लोकसंख्येचं गणित घालतो, म्हणजे "गुरुजी नीट शिकवत नाहीत म्हणून पट घसरला" हे दर वेळी खरं नसतं ते कळेल.

राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. २७० वस्तीच्या वाडीत वर्षाला साधारण ४ जन्म. सगळी मुलं जगली, सगळी गावातच राहिली, एकही खासगी शाळेत गेलं नाही, तरी चार वर्गांचा पट १६. म्हणजे एवढ्या वाडीची पहिली ते चौथीची शाळा विसाच्या आत असणं हे नैसर्गिकच आहे. त्यात कुणाचा दोष नाही.

दुसरं, लहान संख्या उड्या मारतात. सरासरी ४ जन्म म्हणजे दर वर्षी ४ नव्हे. दहातल्या आठ वर्षी आकडा २ ते ६ मध्ये पडेल, उरलेल्या दोन वर्षी त्याच्याही बाहेर. चार वर्गांची बेरीज घेतली तर काहीही न बदलता पट १२ ते २० मध्ये हेलकावे खाणार. एखाद्या वर्षी १९ आणि दोन वर्षांनी १३ दिसले म्हणून "पटात ३० टक्के घट" असा ठळक मथळा करणं म्हणजे निव्वळ करमणूक. किमान सहा वर्षांचा आलेख मांडा आणि शाळेच्या पटाशेजारी त्या त्या वर्षीची दाखलपात्र संख्या लिहा. दोन्ही रेषा एकत्र उतरत असतील तर गावात मुलंच कमी जन्मताहेत. दाखलपात्र स्थिर आणि पट खाली, तर मुलं दुसऱ्या शाळेत चाललीत. रोग वेगळा, औषध वेगळं.

राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतो. तेव्हा पहिलीची दारं पुढेही अरुंदच होत जाणार. प्रवेशोत्सवाला बैलगाडी सजवून त्यात फरक पडत नाही.

वहाळाकाठ

कोकणात ही घसरण आधीच होऊन गेली आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी कमी भरली. राज्याची लोकसंख्या याच काळात वाढली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, याचा सरळ अर्थ कर्ते पुरुष मुंबईला. पूर्वी बायकापोरं गावी असायची, शाळा भरायची. आता नवराबायको दोघं विरार-दिव्याला राहतात, मूल तिकडेच पहिलीला जातं आणि गावी फक्त गणपतीला आणि मे महिन्यात दिसतं. त्यामुळे हजारी १५ चा हिशोब आमच्याकडे लावू नका. वाडीत म्हातारी माणसंच जास्त असतील तर २७० वस्तीत वर्षाला दोन पाळणे हलले तरी पुष्कळ.

अंतराची भानगडही आहे. पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असा नियम. नकाशावर दोन वाड्यांमध्ये ८०० मीटर दिसतात, पण मधे वहाळ, म्हणजे ओढा असतो. जून ते सप्टेंबर साकव (वहाळावरचा छोटा पूल) पाण्याखाली गेला की तेच अंतर सडकेने तीन-चार किलोमीटर. शाळा जोडण्याचा प्रस्ताव आला तर व्यवस्थापन समितीने ठरावात पावसाळी रस्त्याचं चाललेलं अंतर, किती दिवस वाट बंद असते आणि पहिली-दुसरीतली मुलं किती, हे तीन मुद्दे लिहून द्यावेत. सोबत पाण्याखाली गेलेल्या साकवाचा तारखेसह फोटो. "आमचा विरोध आहे" एवढ्या एका ओळीच्या ठरावाला वरच्या कार्यालयात काही वजन नसतं.

निवांत

सगळं मान्य. पण १२ मुलं आणि दोन शिक्षक, हे सरकारला परवडावं तरी किती दिवस? आणि मुलांच्या बाजूनेही बघा. पहिलीत एकच मूल असेल तर त्याने कबड्डी कुणाशी खेळायची?

खडूफळा

निवांत, मुद्दा रास्त आहे, पण पूर्ण चित्र बघा. २०२३ मध्ये समूहशाळांची, म्हणजे छोट्या शाळा मिटवून एका मोठ्या शाळेत आणण्याची चर्चा सुरू झाली तेव्हाच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २० किंवा कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. खर्च आहेच. पण ती पावणेदोन लाखांवर मुलं ज्या वाड्यांत राहतात तिथे दुसरी शाळा चालत जाण्याजोगी आहे का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं. तोरणमाळ आणि पानशेतचं उदाहरण समूहशाळेसाठी देतात. तोरणमाळला निवासाची सोय आहे, पानशेतला मुलांना आणायला-सोडायला गाडी. जिथे ही सोय आधी होते आणि मग जुनी शाळा मिटते, तिथे पालक फारसे अडत नाहीत. आधी कुलूप आणि गाडी "प्रस्तावित" असं झालं की गळती. आणि पहिल्यांदा गळतात त्या तिसरी-चौथीतल्या मुली.

शिक्षकांच्या पदांचंही सांगतो, कारण "वीस" हा आकडा तिथे बोचतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, आणि १५० च्या वर पट गेला की स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे कायद्यात १२ मुलांनाही दोनच आणि ६० मुलांनाही दोनच. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटाप्रमाणे शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे निकष बदलले, २० पर्यंतच्या पटाला एक नियमित पद आणि दुसऱ्या जागी सेवानिवृत्त शिक्षक अशी मांडणी आली. त्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षक सामूहिक रजेवर गेले. एकच शिक्षक असलेल्या शाळेत गुरुजी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेले की त्या दिवशी शाळा बंद, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

कबड्डीचं म्हणाल तर दोन जवळच्या शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र भरवली की बऱ्याच अंशी भागतं. त्याला शासन निर्णय लागत नाही, केंद्रप्रमुखांची हरकत नसली की झालं.

माळरान

शिक्षक सोडून आणखी कशाकशाला पट लागतो? गावात फक्त पदांचीच चर्चा होते.

खडूफळा

बऱ्याच गोष्टींना, आणि प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. पोषण आहारात २५ पर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, २६ ते १०० ला दोन. 'समग्र शिक्षा' योजनेच्या शाळा अनुदानात ३० पर्यंत पटाला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. म्हणजे एकतिसाव्या मुलाने १५,००० चा फरक पडतो. खडू, झाडू, विजेचं बिल, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, सगळं त्यातूनच. छप्पर आणि वीजबिल मुलं १५ असोत की ३५, तेवढंच येतं, त्यामुळे छोट्या शाळेला हे अनुदान नेहमी तोकडं पडतं.

तांदूळ पहिली ते पाचवीला मुलामागे रोज १०० ग्रॅम. १७ हजर मुलांना १ किलो ७०० ग्रॅम. पट २१ आणि हजेरी १७ असताना २१ चा तांदूळ शिजवलेला दाखवला की महिनाअखेरीस साठा नोंदवही जुळत नाही, आणि तपासणीत पहिली वही तीच मागतात.

बालाघाट

हजेरीवरून आठवलं. ऊसतोड पट्ट्यात वरचा सगळा हिशोब वर्षातून दोनदा करावा लागतो. धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या बाजूच्या गावांत पट मोजण्याचा दिवस ३० सप्टेंबर, आणि टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या पुढे-मागे. म्हणजे मोजताना वर्ग भरलेला. डिसेंबरात भेट दिली तर निम्मे बाक रिकामे. कागद खोटा नाही आणि डोळ्यांना दिसतं तेही खोटं नाही. भेट देणारा अधिकारी नवखा असेल तर सरळ बोगस पटाचा शेरा मारून जातो.

हंगामी वसतिगृहाचा (आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायच्या सोयीचा) प्रस्ताव टोळी हलायच्या आधी जायला हवा, नाहीतर मूल उसाच्या फडावर पोचतं आणि मंजुरी मागून येते. मागच्या हंगामात कुठल्या घरातून किती कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) गेले, सोबत मुलं कोणती गेली आणि मागे सांभाळायला आजी-आजोबा आहेत का, अशी तीन रकान्यांची यादी सप्टेंबरातच करून ठेवा. आजी असेल ते मूल घरी झोपून वसतिगृहात जेवू शकतं. मागे कुणीच नसेल ते मूल आईवडिलांसोबत जाणारच, त्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या. नाव मूळ शाळेत राहतं आणि कारखान्याच्या बाजूच्या शाळेत ते दाखवून बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला काढून देऊ नका. एप्रिलमध्ये परत आल्यावर पुन्हा नाव घालायचं राहून गेलं की मूल शाळाबाह्य. सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूलही शाळाबाह्यच धरलं जातं, हेही लक्षात असू द्या.

मुलामुलींच्या प्रमाणाबद्दल एक. २०११ ला बीडमध्ये ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तरी इथल्या बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेच्या वर्गात मुली निम्म्या किंवा जास्त दिसतात. कारण उघड आहे, मुलगा पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत, मुलगी गावातल्या शाळेत. वर्गातलं प्रमाण बघून गावाचं प्रमाण काढू नका.

सांख्यिक

अगदी. आणि पहिलीत ५ मुलगे १ मुलगी दिसली म्हणूनही लगेच निष्कर्ष नको. सहा मुलांच्या तुकडीत असं योगायोगानेही होतं. अंगणवाडीच्या यादीतले सहा वर्षांचे सगळे जन्म एकत्र धरून प्रमाण काढा, तेही जमल्यास शेजारच्या दोन-तीन गावांसह.

वहाळाकाठ

ऑनलाइनच्या घोळावर कुणीतरी लिहा. मूल समोर बसलंय आणि पोर्टलवर नाही, असं दर वर्षी होतं.

खडूफळा

हो, हल्ली पट जातो तो इथेच. संचमान्यतेला आधार वैध असलेले विद्यार्थी धरायला लागल्यापासून १९ चे १६ व्हायला वेळ लागत नाही.

क्रम असा ठेवा. नवीन वर्ष सुरू झालं की यू-डायसवर (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर) आधी मागच्या वर्षीच्या मुलांची प्रगती भरायची, म्हणजे पास होऊन वरच्या वर्गात गेलं, की शाळा सोडली. सोडलेल्या मुलाचं नाव जुन्या शाळेने तसं नोंदवलं की ते ड्रॉपबॉक्समध्ये पडतं. नवी शाळा कायम शिक्षण क्रमांक आणि जन्मतारीख घालून तिथून आत घेते. जुन्या शाळेने ही पायरीच केली नाही तर मूल तिकडेच अडकतं. खासगी शाळेत फी थकली असेल तर हे हमखास. मुलाला वर्गात बसवायला दाखल्याची वाट बघायची गरज नाही, कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४. पण पोर्टलवर मोजणी व्हायला हवी असेल तर जुन्या शाळेला लेखी मागणी, आठवडाभरात हालचाल नाही तर त्याची प्रत लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. फोनवर पाठपुरावा केलेला कुठे नोंदला जात नाही.

आधार अवैध ठरण्याची नेहमीची कारणं: वडिलांच्या जागी आजोबांचं नाव, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि जन्मतारीख १ जानेवारी. ही शेवटची सगळ्यात त्रासाची, कारण आधारच्या कॅम्पमध्ये तारीख माहीत नसली की अशीच टाकून मोकळे होतात. आधी जन्मदाखला काढा, त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, मग पोर्टल. उलट दिशेने, म्हणजे चुकलेल्या आधारप्रमाणे जनरल रजिस्टर (शाळेची मूळ प्रवेश नोंदवही) बदलायला जाऊ नका. तिथे खाडाखोड चालत नाही, जन्मतारीख दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि दहावीला तीच चूक पुन्हा भेटते. शिवाय पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, पहिलीला आलेल्या मुलाचे ते अद्ययावत करून घ्यायला लागतात. हे जून-जुलैत केलं तर होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग आणि सर्व्हर बंद.

निवांत

इतक्या तपासण्या आल्या कशामुळे, तेही सांगा की.

बालाघाट

३ ते ५ ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी विसरलात काय? राज्यभर एकाच वेळी शाळांवर पथकं गेली, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली. तुकड्या आणि अनुदान टिकवायला भरलेली लाखो नावं तेव्हा उघडी पडली. त्यानंतरची प्रत्येक व्यवस्था संशयाच्या पायावर उभी आहे, आणि त्याचा काच १४ पटाच्या खऱ्या शाळेलाही तेवढाच बसतो.

माळरान

शेवटचं विचारतो. पाचवीचा वर्ग जोडला तर पट सावरतो असं ऐकतो. वरच्या नमुन्यात चौथीची ८ मुलं थांबली तर १७ चे २५ होतात. यात गोम काय?

खडूफळा

गोम अशी की ती ८ मुलं आज कुठल्या तरी हायस्कूलच्या पाचवीत जाताहेत. एक किलोमीटरच्या आत पाचवीची सोय नसेल तर वर्ग जोडण्याचा प्रस्ताव टिकतो. सोय असेल तर त्या संस्थेची हरकत येणार, कारण त्यांचाही शिक्षक त्याच मुलांवर उभा आहे. प्रस्तावात चौथीतल्या प्रत्येक मुलाच्या पालकाची सही घ्या, पण सही देणारे सगळे थांबत नाहीत. थोरलं भावंड हायस्कूलला सायकलने जात असेल तर धाकटं त्याच्यासोबतच जाणार. अशी घरं आधी वजा करा. आठातली पाच धरून हिशोब मांडा, म्हणजे २२.

वर्ग जोडला म्हणून शिक्षक वाढत नाही, ६० पर्यंत दोनच. दोघांत पाच वर्ग येतात, म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. पाचवीचं गणित आणि इंग्रजी घेणारा शिक्षक त्या दोघांत आहे का ते आधी बघा. पाचवीत नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी नीट होते असं दिसलं तर दुसऱ्याच वर्षी शेजारच्या वाडीचीही दोन-चार मुलं येतात. नाही दिसलं तर जोडलेली पाचवी दोन वर्षांत रिकामी.